लांडग्यांच्या दिवसांतली कात्री

चिप्रोवत्सी, ९ ऑक्टोबर

पेत्राना,

बरण्या कोपनहेगनला पोचल्या. पोस्टातल्या स्लावकानं आज सकाळी तिच्या संगणकात बघून सांगितलं. घेणाऱ्या बाईनं दारात सही केली आहे आणि एकही बरणी फुटलेली नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा वैतागून म्हणाली, "गेर्गिना आजी, आता मी डेन्मार्कला जाऊन झाकणं उघडून बघू का?" सगळ्या पोस्टानं ऐकलं. माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडलं की गावाला कळतं.

कसल्या बरण्या म्हणशील, तर तुझ्याच घरातल्या. तुझ्या स्वयंपाकघराची किल्ली सुनेला देऊ का, असं उन्हाळ्यात विचारलं होतं. "खुशाल दे, चूल तरी पेटेल," असं तू लिहिलं होतंस. चूल पेटली. सप्टेंबरभर इवेलिनानं तिथे लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या, चटणी आटवून बरण्यांत भरली, आणि मग फोनवर बोटं फिरवून इंटरनेटवर दुकान मांडलं. या दुकानाला ना दार, ना खिडकी, ना बाहेर बसायला बाक. मी म्हटलं, "अगं, घासाघीस न करता विकत घेतो तो गिऱ्हाईक कसला?" तर म्हणते, "आई, तेच तर चांगलं आहे."

चटणीशेजारी माझे किलीमही मांडले, खाली "हातमागावरचे लोकरी गालिचे" असं लिहून. फोटो काढताना मी बाजूला सरकले तर म्हणे, "हात राहू द्या, लोकांना हात आवडतात." या हातांकडे नवरा असून त्स्वेताननंही हयातीत कधी नीट बघितलं नव्हतं, ते आता परदेशातली माणसं बघतात. मग फोनला हवं होतं, या नक्षीचे किती शिल्लक? मी सांगितलं, एक आहे. विकला की एकही नाही. विणला की पुन्हा एक. इवेलिना कपाळाला हात लावून बसली.

पण खरी बातमी पुढेच आहे. ऑस्ट्रियात डोंगरावर एक बाई जुनं घर दुरुस्त करून पाहुण्यांसाठी सराई उघडते आहे. तिला समोरच्या भिंतीवर मोठा किलीम हवा आहे, कोंबड्यांच्या नक्षीचा. सराई उघडणार सेंट निकोलसच्या दिवशी, ६ डिसेंबरला. एवढा रुंद किलीम मी तू सारागोसाला गेल्यापासून विणलेला नाही. बाकावर उजवीकडून डावीकडे सरकत विणते आहे. डावीकडे आले की तुझी जागा थंड लागते.

एक कोडं मात्र सुटत नाही. दुकानात त्या नक्षीखाली इवेलिनानं नाव घातलं आहे, "चुगलखोर शेजारणी". चोचीला चोच लावून उभ्या असलेल्या त्या कोंबड्यांना आपण दोघीच तसं म्हणायचो ना? मी तिला कधी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, कुठेतरी वाचलं.

प्लामेन बरा आहे. थंडी लवकर पडली.

फोन करू नकोस. तू फोनवर बोललीस की विहिरीच्या तळाशी कुणी कुजबुजतंय असं वाटतं. लिहीत जा.

तुझी,
गेर्गिना


सारागोसा, १९ ऑक्टोबर

गेर्गिना,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. ओल्या हातांनी फोडलं, म्हणून पाकिटाची शाई माझ्या ब्लाउजला लागली. सून म्हणाली, "आई, पत्रं येतात अजून?" मी म्हटलं, "ज्यांना कान नाहीत त्यांची येतात." रागावू नकोस.

मिरच्या भाजल्याचा वास मला इथे बसून आला, खोटं नाही सांगत. सप्टेंबरात आपल्या गल्लीतून चालताना प्रत्येक अंगणातला वास वेगळा यायचा, आठवतं? तुझ्या सासूबाईंच्या मिरच्या नेहमी जरा करपलेल्या असायच्या आणि त्या म्हणायच्या, "करपल्याशिवाय चव नाही." इथल्या बाजारात बरणी मिळते. उघडली की कशाचाच वास येत नाही. इवेलिनाला सांग, चुलीचं झाकण उजवीकडून अर्धं उघडं ठेव, नाहीतर धूर आत येतो. म्हणजे, तिला कळलं असेलच.

कोंबड्यांच्या नावाचं मला काय विचारतेस? आपण काय दारं लावून बोलत होतो? मागावर बसून ओरडून बोलायचो. अर्ध्या गावानं ऐकलं असेल.

नोव्हेंबर येतोय. लांडग्यांचे दिवस पाळतेस ना अजून? मी गेल्या वर्षी इथे पाळले. कात्रीची पाती लाल दोऱ्यानं घट्ट बांधली, लांडग्याचा जबडा मिटलेला राहो म्हणून, आणि कात्री पिठाच्या डब्यात पुरली. नातवाला दुधाची पिशवी कापायला कात्री मिळेना. सगळं घर शोधत सुटलं. डब्यात सापडली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, सारागोसात लांडगे नाहीत." मी म्हटलं, "आमच्या आयांनी पाळलं म्हणून नाहीत."

पण खरं सांगू, मला लांडग्यांपेक्षा त्या दिवसांची आठवण जास्त येते. विणायचं नाही, कातायचं नाही, शिवायचं नाही. वर्षभर फणी आपटून आपटून बोटं ठणकायची, ती तेवढे दिवस नुसती मांडीवर ठेवून बसायची. तुमच्या घरी भोपळ्याची गोड पोळी, भाजलेल्या बिया आणि सगळ्या बायका. मी लग्न होऊन आले तेव्हा कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. तूच पहिल्यांदा मुठीतल्या बिया माझ्या ओंजळीत ओतल्यास आणि विचारलंस, "डाव्या बाजूनं विणता येतं का तुला?"

आता मला एक सांग. आधी तुझ्या लेकाबद्दल, प्लामेनबद्दल दोन-दोन पानं लिहायचीस. त्याची खोकल्याची बाटलीसुद्धा मला पाठ आहे. या वेळी फक्त "बरा आहे". काय झालंय?

पेत्राना


चिप्रोवत्सी, २ नोव्हेंबर

पेत्राना,

तुझं नाक अजून शाबूत आहे, एवढं मात्र खरं.

प्लामेनला जर्मनीत काम मिळतंय. मोठं गोदाम, जानेवारीपासून. त्याला इवेलिनालाही न्यायचं आहे. म्हणतो, संसार दोन देशांत नको. तिनं हिवाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. दुकान चाललं तर राहायचं, नाही तर दोघांनी जायचं. आणि दुकान चालणं म्हणजे काय, तर हा ऑस्ट्रियाचा किलीम. चटणी काय, संपली की संपली. पुढच्या मिरच्यांना पुढचा सप्टेंबर लागतो. या किलीमवरून त्या बाईच्या ओळखीच्या आणखी सराया मागवतील असं इवेलिना म्हणते. तिनं दुकानात लिहून टाकलं आहे, "१८ नोव्हेंबरला रवाना". लिहिताना मला विचारलं नाही.

मी कॅलेंडरवर बोट लावून दाखवलं. अकराला लांडग्यांचे दिवस लागतात, एकवीसला लंगड्या लांडग्याचा शेवटचा दिवस, सगळ्यांत वाईट. त्या दिवसांत मी मागाला हात लावत नाही. ती म्हणाली, "आई, तारीख बदलली तर ती बाई दुसरीकडे जाईल." मी म्हटलं, "मग जाऊ दे."

रात्रंदिवस विणून दहा तारखेच्या आत उरकलं तर ठीक, पण मी एकटी आहे. रुंदी दोघींची आहे आणि हात एकीचेच.

तुला वाटेल म्हातारी हट्टाला पेटली. माझाही लांडग्यांवर विश्वास नाही गं. लांडगे कधीच डोंगर ओलांडून सर्बियात गेले, इथे खायला उरलंय काय? पण माझे वडील खाणीत जायचे, तेव्हा आई कात्री बांधायची. त्स्वेतान लाकडाचा ट्रक घेऊन घाट चढायचा, तेव्हा मी बांधायचे. बाहेर गेलेला माणूस परत यावा म्हणून बायकांच्या हाती दुसरं होतं काय? आता प्लामेन जायचं म्हणतो, आणि याच वर्षी मी कात्री सोडून ठेवू?

आणखी एक. इवेलिना रोज संध्याकाळी तुझ्या घरी जाते. चटणी केव्हाच संपली, तरी जाते. काल पाठोपाठ गेले. खिडकीतून बघितलं तर तुझ्या टेबलाशी बसून फोनसमोर बोलत होती, हसत होती, डोळे पुसत होती. मला ऐकू थोडंच येतं? पण दिसतं. जर्मनीतल्या कुणाशी तरी घराचं ठरवत असणार. माझ्यासमोर "आई, आई" आणि मागे हे.

तुझ्या शेजारी बसून विणते आहे असं समजून ओळी घालते. आज डावीकडची एक कोंबडी जाड झाली. तू असतीस तर हसली असतीस.

गेर्गिना


सारागोसा, ११ नोव्हेंबर

गेर्गिना,

घाईनं लिहिते आहे, पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचं आहे.

आधी हे डोक्यातून काढ, की इवेलिना कुणाशी घराचं ठरवते आहे. सून माणूस हसलं की आपल्याविरुद्धच हसलं असं नसतं. तुझ्या सासूला तुझ्या हसण्याचा असाच राग यायचा, आणि तू तेव्हा मला काय म्हणायचीस ते मी इथे लिहीत नाही.

दुसरं, तुझ्या सासूबाईंचीच एक गोष्ट. तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होतीस, म्हणून तुला कदाचित माहीत नसेल. वरच्या आळीतल्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वराकडची माणसं लांडग्यांच्या दिवसांतच किलीम न्यायला आली. गाडी दारात, किलीम मागावर, उतरवायचा तर दोरे कापायला हवेत आणि कात्री बांधलेली. सगळ्यांना वाटलं, आता भांडण. तुझ्या सासूबाईंनी काय केलं? पाचरी ठोकून सैल केल्या, खालचा दांडा बाहेर ओढला, मग वरचा, आणि पायातला मोजा काढावा तसा अख्खा किलीम मागावरून उतरवला. आपल्या ताण्याचे उभे दोरे दोन्ही दांड्यांभोवती गोलच असतात ना, कापायची गरज कुठे? न विणलेले दोरे तसेच लोंबत होते. वराच्या आईच्या हातात ठेवून म्हणाल्या, "दिवस संपले की तुमच्या घरी, तुमच्या कात्रीनं कापा. ज्याच्या घरात नांदायचा, त्यानंच नाळ कापावी." आणि त्यांनी तसं केलं. पुढे त्या घरानं आपल्याकडून कितीतरी किलीम नेले.

हे तुला का सांगते ते तुला कळेल. पत्र वेळेत पोचो.

भांडू नकोस तिच्याशी.

पेत्राना


चिप्रोवत्सी, २२ नोव्हेंबर

पेत्राना,

तुझं पत्र परवा आलं. ऑस्ट्रियाचा किलीम त्याआधीच गेला होता. आता सावकाश वाच, कारण शेवटी तुला जाब द्यायचा आहे.

शेवटची ओळ मी दहा तारखेला दिवेलागणीला घातली. किलीम अंधारात कापायचा नाही, आणि सकाळ झाली तेव्हा लांडग्यांचे दिवस लागलेले. कात्री लाल दोऱ्यानं बांधून मी पिठाच्या पेटीत ठेवली. इवेलिना बघत होती. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, प्लामेनला मध्ये घालेल. काहीच नाही. त्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटायला लागली.

अठरा तारखेला सकाळी उठून खाली आले तर माग रिकामा. नुसता सांगाडा. म्हटलं, कापला! माझ्या घरात, लांडग्यांच्या दिवसांत, माझ्या पाठीमागे! पिठाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला. कात्री होती. दोरा होता. गाठ माझीच होती. माझी गाठ मला अंधारातही कळते.

तेवढ्यात ती पोस्टातून परत आली, गाल थंडीनं लाल, केसांत बर्फ. मी काही बोलायच्या आत माझ्या कानाशी येऊन ओरडली, "आई, कापला नाही! काढला!" मग हातवाऱ्यांनी दाखवलं, पाचरी कशा ठोकल्या, दांडे कसे ओढले, प्लामेननं वरचा दांडा कसा धरला. मोजा काढावा तसा, म्हणाली. अगदी हेच शब्द. आणि पार्सलमध्ये चिठ्ठी घातली आहे म्हणाली : आमच्याकडे कात्री बांधलेली आहे, एकवीस तारखेनंतर तुम्हीच कापा.

मी खुर्चीवर बसले आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसत सुटले. सासूबाईच आठवल्या. ही गोष्ट मला माहीत होती गं. गावात परत आले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितली होती. पण इतकी वर्षं आठवली नव्हती, आणि अडचणीच्या वेळी तर मुळीच आठवली नाही.

हसू फार टिकलं नाही. काल त्या बाईचा निरोप आला. इवेलिनानं वाचून दाखवला, म्हणजे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला. "मी पूर्ण किलीम मागवला होता. हा अर्धवट आहे, दोरे लोंबत आहेत. परत पाठवते आहे." आणि दुकानाला दोन तारे दिले. मी म्हटलं, दोन तारे चांगले की, लष्करात दोन तारे म्हणजे अधिकारी. तर म्हणाली, पाचपैकी दोन. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते दोन तारे आधी दिसतात, किलीम नंतर. प्लामेननं काल माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. पुसून ठेवली.

आता जाब. तुझं पत्र या घरात यायच्या आधी तुझी गोष्ट या घरात आली होती. शब्दासकट. "चुगलखोर शेजारणी"सुद्धा अशीच आली असणार. चुलीचं झाकण उजवीकडून उघडं ठेवायचं, हेही तिला माझ्या आधी माहीत होतं. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

हे पत्र माणसं घेऊन तिकडे येणाऱ्या त्सांकोच्या मिनीबसनं पाठवते आहे. पोस्टाची वाट बघायला मला सवड नाही. उत्तर त्याच्याबरोबरच दे.

गेर्गिना


सारागोसा, २७ नोव्हेंबर

गेर्गिना,

हो. चुगली मीच केली. त्सांको खाली गाडी चालू ठेवून उभा आहे, तरी नीट लिहिणार आहे.

ऑगस्टमध्ये इवेलिनानं मला फोन केला, चूल धूर का करते ते विचारायला. म्हटलं, दाखव बघू. तिनं फोन चुलीकडे धरला, आणि मला माझं स्वयंपाकघर दिसलं. पितळी नळ, त्याच्या खालचा डाग, खिडकीबाहेरचं बिहीचं झाड. झाड केवढं वाढलंय! फांदी खिडकीच्या काचेला टेकली आहे, हे तू मला कधी लिहिलं नाहीस. मी रडायला लागले. ती घाबरली, फोन पडला आणि मला छत दिसायला लागलं. छताकडे बघूनही रडले.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी येते आणि फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. मी इथे भाजी निवडते, ती तिथे लेबलं चिकटवते. नक्ष्यांची नावं विचारते. गिऱ्हाइकं काय काय विचारतात ते सांगते, मी उत्तरं सांगते, ती लिहिते. तुझ्या दुकानात अर्धं तोंड माझं आहे, बाई. तुला सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटेल असं वाटलं. तुला ऐकू येत नाही आणि मी दुसऱ्या कुणाशी बोलते, हे कसं लिहायचं?

त्या दिवशी ती रडत होती ते जर्मनीला जायच्या आनंदानं नव्हे. तिला जायचंच नाही. मला म्हणाली, "पेत्राना आजी, मी फोटो काढते, पार्सल बांधते, सगळं करते. आई मला मागावर बस असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मी त्या घरात पोस्टातल्या माणसासारखी आहे." मी विचारलं, मग तू का विचारत नाहीस? म्हणाली, "ती जागा कुणाची आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे."

गेर्गिना, तू एवढा मोठा किलीम सरकत सरकत एकटीनं विणलास, आणि घरात दोन तरुण हात रिकामे होते. माझ्यासाठी जागा राखून ठेवली असशील तर ऐक. मी येणार नाही. पाहुणी म्हणून येईन, बिही पिकली की येईन. पण मागावर बसायला येणार नाही. माझे गुडघे गेले, आणि इथे नातू शाळेतून आला की दारात मी लागते. हे मी तीन वर्षं लिहायचं टाळत होते. आता लिहिलं.

ऑस्ट्रियाच्या बाईला इवेलिनानं चिठ्ठी चुकीची लिहिली. "आमच्याकडे कात्री बांधलेली आहे" याचा अर्थ तिला काय कळणार? माल अर्धवट पाठवून सबब सांगितली, असंच वाटणार. तुझ्या सासूबाईंनी सबब सांगितली नव्हती, मान दिला होता. ज्याच्या घरात नांदायचा त्यानं कापावा, हे तिला सांगा. सराई उघडताना ती फीत कापणारच असेल ना? मग दुकानातली फीत कशाला, किलीमचे दोरेच कापू देत. इवेलिनाला मी हे आज संध्याकाळी सांगू शकते. पण नाही सांगत. तू सांग. शेजारी बसवून सांग.

त्सांको हॉर्न वाजवतोय.

पेत्राना


चिप्रोवत्सी, ३ डिसेंबर

पेत्राना,

परवा तुझं पत्र आलं. "येणार नाही" ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. माहीत होतं गं. माणूस गुडघ्यांचं कारण सांगायला लागलं की येत नाही. तरी शाईत बघणं वेगळं.

संध्याकाळी इवेलिना शाल घेऊन तुझ्या घरी निघाली तेव्हा मी दारात उभी राहिले. म्हटलं, "आज जाऊ नकोस. बस." "कुठे?" म्हणाली. मी बाक दाखवला. समोर रिकामा माग होता, विणायला काही नव्हतं, तरी आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो, गाडी यायची वाट बघत बसावं तशा. मग मी तिला सासूबाईंची गोष्ट सांगितली. तिला माहीत होती, तरी पुन्हा ऐकली. तू "नाळ" तिला सांगितली नव्हतीस वाटतं, कारण तिथे ती थांबली आणि म्हणाली, "आई, हे परत सांगा." मी सांगितलं, तिनं तिथेच बसून फोनवर लिहिलं. एकही शब्द मी बदलू दिला नाही.

त्या बाईचं उत्तर काल सकाळी आलं. किलीम तिनं परत पाठवलेला नव्हता, बांधून दाराशी ठेवला होता. आता उघडून भिंतीवर टांगला आहे, दोरे तसेच लोंबत. रविवारी, सेंट निकोलसच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर तिची आई ते दोरे कापणार आहे. आई आपल्याच वयाची आहे म्हणे. तारे मात्र अजून दोनच आहेत. इवेलिना म्हणते, कापून झाल्यावर बघू. तिच्या ओळखीच्या सराया मागवतील की नाही, तेही तेव्हाच कळेल.

प्लामेन जातोय. बॅग भरली आहे. पण एकटा, आणि ईस्टरपर्यंत. दोघांचं त्यावरून बरंच झालं. मला ऐकू आलं नाही, पण भिंतीला हात लावला की कळतं. शेवटी इवेलिना त्याला म्हणाली, "तू जा आणि परत ये. मी माग मांडते आहे." हे तिनं मला लिहून दाखवलं. कागद मी ठेवला आहे. त्याच्या बॅगेत मी लोकरीचे मोजे घातले. ऑक्टोबरात विणलेले आहेत, लांडग्यांच्या दिवसांतले नाहीत, तेव्हा काळजी नाही.

आता पुढचं ऐक. रविवारी दुपारी ती बाई फोनवरून कापणं दाखवणार आहे. आमच्या घरात चित्र अडकतं, शाळेच्या टेकडीवर मात्र ठीक दिसतं, म्हणून आम्ही तिघं तिकडे जाणार. इवेलिना तुलाही त्यात जोडणार आहे. मी सणाचा अक्रोड भरलेला मासा सकाळीच भाजून ठेवते.

आणि सोमवारी नवा ताणा चढवायचा आहे. इवेलिनानं विचारलं, "मी कुठल्या बाजूला बसू?" मी म्हटलं, "उजवीकडे. डावी पेत्रानाची." वाटलं, आता रुसेल. तर म्हणाली, "मग डावीकडे फोन ठेवते. त्या बसतील." मी तिला सांगितलं, फोन कसला ठेवतेस, मला काय ऐकू येणार आहे? पण मग मीच विचार केला.

तर तू असं कर. ओरडू नकोस, त्याचा उपयोग नाही. मोठ्या कागदावर जाड काळ्या शाईनं लिही आणि फोनसमोर धर. तुझं अक्षर मला लांबूनही लागतं, आणि चित्र अडकलं तर उलट सावकाश वाचता येईल. डावीकडची कोंबडी जाड झाली तर तेही लिही, पोरीसमोर लिहिलंस तरी चालेल. सोमवारी सकाळी, दूध तापलं की बसू.

गेर्गिना